ज्या हाताने मला वाचवले

मी एक जुना ग्रंथ आहे. बायबल म्हणतात मला. माझी निम्मी पाने फुगून वेडीवाकडी झाली आहेत. बोटाला थुंकी लावून कुणी ती उलटली, तर त्याच्या जिभेवर अजूनही खारट चव येते. मित्रांनो, ती समुद्राची चव आहे.

माझा जन्म एका शहरातल्या छापखान्यात झाला. लाकडाच्या दोन फळ्या, त्यांच्यावर वासराचे कातडे आणि मिटून अडकवायला कडेला पितळेचे दोन आकडे, असा माझा थाट होता. झेलंड या समुद्रकाठच्या प्रांतातल्या एका बेटावरच्या शेतकऱ्याने आपल्या लग्नासाठी मला घेतले आणि बोटीतून मांडीवर ठेवून घरी नेले. ते बेट समुद्रापेक्षा सखल. भोवती मातीचा बांध, बांधाच्या आत बटाटे, बीट, गाई आणि माणसे. गावाचे नाव झांडवेर्व. माझ्या पहिल्या कोऱ्या पानावर त्या शेतकऱ्याने स्वतःचे आणि बायकोचे नाव लिहिले. पुढे त्या पानावर जन्म लिहिले गेले, तसे मृत्यूही लिहिले गेले. मी त्या घरात चार पिढ्या पाहिल्या.

माझ्या पोटात काय आहे, ते तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. माझ्यात एक देव आहे. तो आदम आणि हव्वेला बागेतून हाकलतो, पण हाकलण्यापूर्वी त्यांच्या अंगावर कपडे घालतो. तो शहरांवर आग पाडतो. शत्रूची तान्ही मुलेसुद्धा जिवंत ठेवू नका, असे सांगतो. आणि तोच म्हणतो, की आई एक वेळ आपल्या तान्ह्याला विसरेल, पण मी तुला विसरणार नाही. ही सारी पाने एकाच दोऱ्याने शिवलेली आहेत. कोणते पान कोणाच्या तोंडावर उघडायचे, हे माझ्या हातात नसते.

ज्याची गोष्ट मी सांगणार आहे, तो डिंगेमान क्लूट हा त्या पहिल्या शेतकऱ्याचा नातू. उंच, हाडापेराने दणकट, कमी बोलणारा. गावातल्या चर्चच्या पंचांपैकी एक. त्या घरात दिवसातून तीनदा, जेवण झाले की, ताकाच्या पेजेचे वाडगे बाजूला सारून मला टेबलावर ठेवले जाई. डिंगेमान टोपी काढी आणि एक अध्याय वाची. कालच्यानंतरचा आज, आजच्यानंतरचा उद्या. काही गाळायचे नाही, काही निवडायचे नाही.

तो दुष्ट नव्हता, मित्रांनो. गाय अडली तर तो रात्ररात्र गोठ्यात बसे. म्हाताऱ्या आईला त्याने दोन वर्षे पाठीवर उचलून नेले-आणले. पण त्याच्या मनात एक भीती घर करून होती. चर्चचा पंच असूनही प्रभूच्या भोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या विधीला, तो मेजाशी कधी बसला नाही. देवाने आपल्याला निवडले आहे की टाकले आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. आणि ज्याला स्वतःच्या क्षमेची खात्री नसते, तो दुसऱ्याला क्षमा मिळालेली सहज सोसू शकत नाही. हे मी त्याच्या बोटांवरून ओळखत असे. रागाच्या पानांवर त्याचे बोट स्थिर असे. दयेच्या पानांवर ते थरथरे.

त्याची मुलगी याकोमिना अकरा वर्षांची असताना एका दुपारी अमालेकी लोकांचा अध्याय आला. देव राजाला सांगतो, की त्या लोकांतले कोणीही ठेवू नकोस. पुरुष, बायका, अंगावर पिणारी मुले, बैल, मेंढ्या. वाचून झाल्यावर मला मिटणार, इतक्यात पोरीने विचारले,

"बाबा, त्या बाळांनी काय केलं होतं?"

"काय?"

"अंगावर पिणाऱ्या बाळांनी. त्यांनी काय पाप केलं?"

डिंगेमानचा चेहरा लाल झाला. "मडक्याने कुंभाराला जाब विचारायचा नसतो."

"पण मडकं रडत नाही, बाबा."

"याकोमिना! ऊठ. जाऊन कोंबड्यांना दाणे टाक."

पोरगी उठली. तिची आई नेल्त्ये वाडगे गोळा करत होती. पण संध्याकाळी नवरा शेतावर असताना तिने पिठाचे हात पदराला, म्हणजे आपल्या काळ्या एप्रनला, पुसले, मुलीला जवळ बोलावले आणि मला उघडले. तिला पान शोधावे लागले नाही. ते आपोआप उघडले, इतक्यांदा तिने ते उघडले होते. त्या पानावर देव एका लेकराला चालायला शिकवतो. त्याच्या बगलेत हात घालून त्याला उभे करतो. ते लेकरू मोठे होऊन उलटते, तेव्हा देव चिडतो आणि चिडता चिडताच त्याचे काळीज उलटेपालटे होते.

"आई, मग यातला खरा देव कुठला?"

"दोन्ही याच पुस्तकात आहेत, बाळ."

"म्हणजे कुठला?"

"मला नाही कळत," नेल्त्ये म्हणाली. "तुझ्या बाबांना कळतं असं वाटतं, पण त्यांनाही नाही कळत. मला भीती वाटली की मी या पानाकडे येते. एवढंच."

त्या घरात मला दोन वाचक होते. एक मला क्रमाने वाची, दुसरी गरजेने.

याकोमिना चौदा वर्षांची असताना गावात एक मरण झाले. बंदरावर मारीन फ्लिकवेर्ट नावाचा कोळी राहत असे. ईल मासे धरणारा, थट्टेखोर, चर्चमध्ये नाताळलासुद्धा न फिरकणारा. रविवारी, काम न करण्याच्या दिवशी, सारे गाव काळे कपडे घालून चर्चला निघाले, की हा बांधावर बसून जाळी दुरुस्त करी आणि वर टोपी उंचावून म्हणे, "माझाही नमस्कार सांगा हो तुमच्या मालकाला!" त्याचा मुलगा दिर्क, सतरा वर्षांचा, एका रविवारी धुक्यात जाळे ओढताना नावेतून पडला आणि बुडाला.

तिसऱ्या दिवशी डिंगेमान मला काखेत घेऊन त्यांच्या घरी गेला. याकोमिनाला त्याने सोबत नेले होते. पंचांनी शोकाच्या घरी जायचे, अशी रीत होती. दिर्कची आई तोना हातात कॉफीची किटली घेऊन उभी होती. कपात ओतायचे ती विसरून गेली होती. डिंगेमानने मला उघडले आणि दहा आज्ञांचे पान काढले. आईबापांच्या पापाची झळ मुलांना, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत लागेल, असे देव जिथे सांगतो, तिथवर त्याने वाचले. मग मला मिटले.

मित्रांनो, ते वाक्य तिथे संपत नाही. त्याच वाक्याच्या पुढच्या अर्ध्या भागात देव म्हणतो, की मी हजारो पिढ्यांवर दया करतो. दर रविवारी चर्चमध्ये ते वाक्य पुरते वाचले जाई. त्या घरात ते अर्धेच वाचले गेले. उरलेले अर्धे माझ्या मिटलेल्या पोटात राहिले. मी ओरडू शकत नाही. माझ्यात इतके शब्द आहेत, पण एकही माझा मला उच्चारता येत नाही.

"रविवारी जाळं टाकलंस, मारीन," डिंगेमान म्हणाला. "देवाने तुला दाखवून दिलं."

मारीनने तोनाच्या हातातली किटली घेऊन खाली ठेवली. मग म्हणाला, "माझ्या पोराचं नाव काय होतं, डिंगेमान?"

"दिर्क."

"तुझ्या देवाला माहीत होतं ते?"

"त्याला सगळं माहीत असतं."

"मग त्याला सांग, की घाव माझ्यावर घालायचा होता. पत्ता चुकला त्याचा."

घरी परतताना वाटेत याकोमिना बापापासून चार पावले मागे चालत होती. त्या दिवसापासून ती टेबलावर माझ्याकडे बघेनाशी झाली. माझे वाचन सुरू झाले, की ती खिडकीबाहेर पाही.

त्याच वर्षी क्लूटांच्या घरी पाळणा हलला. इतक्या वर्षांनी मुलगा झाला. त्याचे नाव योब. डिंगेमानने ते माझ्या पहिल्या पानावर जरा मोठ्याच अक्षरात लिहिले. हे पोर बापाला मुळीच भीत नसे. वाचन चालू असताना ते टेबलाखालून येऊन बापाच्या गुडघ्यावर चढे आणि माझे पितळेचे आकडे टकटक वाजवी. डिंगेमान त्याला कधी रागे भरला नाही. वाचता वाचता तो एका हाताने पोराला धरून ठेवी.

मग एकोणीसशे त्रेपन्न सालचा फेब्रुवारी आला. पहिली तारीख, रविवार.

पहाटे वायव्येच्या वादळात बांध फुटला. उजाडले तेव्हा पाणी खिडकीच्या वरच्या चौकटीला लागले होते आणि क्लूटांचे कुटुंब माळ्यावर होते. नेल्त्ये, चार वर्षांचा योब, अठरा वर्षांची याकोमिना, डिंगेमान आणि मी. एक पाव, थोडे डुकराचे खारे मांस, दोन घोंगड्या. खाली गोठ्यात गाई दाव्याला बांधलेल्या होत्या. त्यांचे हंबरणे आधी मोठे झाले, मग एकेक करून कमी झाले.

दुपारी ओहोटीला पाणी थोडे उतरले. डिंगेमान छातीएवढ्या पाण्यात उतरून गोठ्याकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातांची सालटे निघाली होती.

"किती?" नेल्त्येने विचारले.

"तीन उभ्या आहेत. शेणाच्या ढिगावर. बाकीच्या दाव्याला लोंबताहेत."

तो भिंतीला टेकून बसला, ओल्या बोटांनी त्याने मला उघडले आणि नोहाच्या महापुराचा अध्याय मोठ्याने वाचू लागला. आभाळाची दारे उघडली, डोंगर बुडाले, ज्यांच्या नाकात श्वास होता ते सारे मेले.

"डिंगेमान, पुरे आता," नेल्त्ये म्हणाली. "पोराला भूक लागलीय. तो पाव इकडे दे."

"त्याचा हात आपल्यावर उठलाय, आणि तुला पाव सुचतोय?"

"उठलेला हात दिसतोय मला. म्हणून तर पोराला पोटाशी धरलंय."

तिने पावाचा मऊ भाग योबला दिला आणि कडा स्वतः चघळल्या.

चारच्या सुमाराला दुसरी भरती आली. ती पहिलीपेक्षा मोठी होती. आता बांध नव्हताच, अडवणार कोण? लाटा थेट भिंतीवर आदळू लागल्या. मागची भिंत, जिच्या धुराड्याच्या आडोशाला नेल्त्ये पोराला घेऊन बसली होती, ती आधी फुगली आणि मग बाहेरच्या बाजूला कोसळली. माळ्याची फळी तिरकी झाली. नेल्त्ये पाण्यात गेली. योब घसरत गेला, आणि डिंगेमानने पालथे पडून त्याचे मनगट पकडले.

त्याने ते उजव्या हाताने पकडले. डाव्या काखेत मी होतो.

नेल्त्ये अजून तिथेच होती. गळ्यापर्यंत पाण्यात, एका वाशाला पाय अडकवून ती पोराला खालून वर ढकलत होती. याकोमिनाने बापाचे पाय घट्ट धरले होते.

"दोन्ही हातांनी धर!" नेल्त्ये ओरडली. "डिंगेमान, दोन्ही हातांनी!"

मी त्याच्या बरगड्यांवर दाबलेला होतो. त्याचे काळीज मला ऐकू येत होते. तिचे शब्द त्याने ऐकले, हे मला ठाऊक आहे. मला सोडायला एक क्षण पुरला असता. मी पडलो असतो, बुडालो असतो, चिखल झालो असतो. त्या क्षणी माझी दुसरी काही इच्छा नव्हती. पण ती काख उघडली नाही.

योबच्या स्वेटरची बाही ताणली गेली. लोकर ओली झाली की सैल होते. मग बापाच्या मुठीत नुसती बाही राहिली. मग तीही गेली. नेल्त्ये पोराच्या मागे वळली. तिची पांढरी टोपी एकदा दिसली, पुन्हा दिसली नाही.

उरलेले छप्पर सुटून वाहू लागले. त्यावर बाप, मुलगी आणि मी. अंधार पडण्याआधी एक मोटरबोट वाट काढत आली. बोटीत मारीन फ्लिकवेर्ट होता. सकाळपासून तो लोकांना छपरांवरून उतरवून घेत होता. लांबूनच त्याने डिंगेमानला ओळखले.

"चढतोस का रे, पंच?" तो ओरडला. "की आज रविवार म्हणून माझ्या बोटीत बसत नाहीस?"

बोट जवळ आली. मारीनने छपरावर नजर फिरवली.

"नेल्त्ये कुठाय? आणि पोरगं?"

याकोमिनाने मान हलवली. मारीनने डोक्यावरची टोपी काढली. पावसात तसाच उघड्या डोक्याने उभा राहून त्याने तिला उचलून बोटीत घेतले. मग डिंगेमानला हात दिला. डिंगेमान हात धरीना.

"बोल," तो म्हणाला. "तुझ्या घरी येऊन मी जे बोललो होतो, ते आता तू बोल. तुझा हक्क आहे."

"नाही यायचं ते माझ्या तोंडातून," मारीन म्हणाला. "पाय आत घे. गारठून मरशील."

आम्ही पलीकडच्या उंच भागात, नेल्त्येच्या मावसबहिणीकडे राहिलो. नऊ दिवसांनी नेल्त्ये एका कुंपणाला अडकलेली सापडली. योब मार्चमध्ये सापडला. माझ्या पहिल्या पानावरची शाई पसरली होती. त्यांची नावे याकोमिनाने पेन्सिलीने लिहिली, कारण तो कागद आता शाई धरत नव्हता.

मला शेगडीजवळ उभे करून वाळवण्यात आले. पाने एकमेकांना चिकटली होती, मध्ये गाळ होता. याकोमिना रोज स्वयंपाकाच्या बोथट सुरीने एकेक पान सोडवी. डिंगेमान समोर बसून तिच्या हातांकडे पाही. त्या घरात जेवणानंतर आता वाचन होत नसे. लोक विचारत, तेव्हा तो म्हणे, "ग्रंथ अजून ओला आहे."

एके दिवशी सुरी थांबली.

"बाबा, हे ऐका. पाणी पाठवण्याआधी देवाच्या काळजाला वेदना झाल्या, असं लिहिलंय. माळ्यावर तुम्ही हे वाचलं नाहीत."

"ते आधीच्या अध्यायात आहे."

"हो. एक पान मागे."

डिंगेमानने शेगडीतला एक निखारा मागे ढकलला. "वेदना झाल्या, तर थांबायचं होतं त्याने," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने देवाबद्दल असे काही म्हटले असेल. मग म्हणाला, "तू लहान असताना मला त्या बाळांचं विचारलं होतंस."

"तुम्ही मला कोंबड्यांकडे पाठवलंत."

"मला उत्तर येत नव्हतं. अजून येत नाही."

याकोमिनाने सुरी खाली ठेवली. आणि जे ती दोन महिने गिळत होती, ते तिने विचारले.

"बाबा, तुम्ही ग्रंथ का नाही सोडला?"

मला वाटले, तो उठून जाईल. तो उठला नाही.

"काखेत काही आहे, हेच मला कळलं नाही," तो म्हणाला. नंतर, पुष्कळ वर्षांनी, त्याने वेगळे सांगितले. म्हणाला, न्यायाच्या घडीला देवाचा शब्द टाकून दिला, तर तो मला कायमचा टाकून देईल, अशी भीती वाटली. कोणते उत्तर खरे, मला माहीत नाही. कदाचित दोन्ही असतील.

नोव्हेंबरात बांधाचे शेवटचे भगदाड बुजले. लोक झांडवेर्वला परतले. घरांच्या भिंतींवर माणसाच्या डोक्यापेक्षा उंच अशी चिखलाची रेघ होती. चर्चमध्ये अनुतापाची प्रार्थना ठरली. पाळक होल्तकाम्प डिंगेमानकडे आले. त्यांनी त्या वर्षी इतकी माणसे पुरली होती, की त्यांचा आवाज बसला होता तो कायमचाच. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण लोकांना अर्थ हवा होता. नुसत्या आंधळ्या पाण्यापेक्षा रागावलेला देव त्यांना परवडत होता.

"क्लूट, तुम्ही उभे राहून वाचा," पाळक म्हणाले. "तुमच्याइतकं कुणाचं गेलं नाही. हा आपल्या पापांचा न्याय होता, हे तुम्ही म्हणालात तर गाव ऐकेल."

"काय वाचू?"

"आज्ञा वाचा. आणि मग दोन शब्द बोला."

त्या दिवशी चर्चमध्ये ओल्या चुन्याचा वास होता. अर्धे बाक रिकामे होते. डिंगेमानने मला उघडले. दुसऱ्या आज्ञेपर्यंत तो आला. तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, एवढे वाचून तो इतका वेळ थांबला, की लोक एकमेकांकडे बघू लागले. मग त्याने उरलेले अर्धे वाक्य वाचले. मला मिटले नाही. तळहात माझ्यावर ठेवून तो बोलू लागला.

"चार वर्षांपूर्वी मी फ्लिकवेर्टांच्या घरी गेलो होतो. तिथे मी हे वाक्य अर्धंच वाचलं. मी त्यांना म्हणालो, देवाने तुमचं पोर नेलं, कारण तुम्ही रविवार पाळत नाही. माझा योब चार वर्षांचा होता. त्याने कुठला रविवार मोडला? माझी बायको तर... तिने कुणालाच कधी काही म्हटलं नाही."

"क्लूट," पाळक हळूच म्हणाले.

"मला संपवू द्या, पाळकसाहेब. देव रागावतो, हे मी नाकारत नाही. ते इथे लिहिलंय, आणि मी ते पुसणार नाही. पण तो रडतो हेही इथेच लिहिलंय, आणि ते मी कुणाच्या घरी कधी वाचलं नाही. तो रागावतो तेव्हा कुणावर, हे सांगण्याचं काम त्याने मला दिलं नव्हतं. ते मी आपणहून घेतलं. या गावाने काय पाप केलं, मला माहीत नाही. मी काय केलं, ते सांगितलं."

तो खाली बसला. दोन कुटुंबे उठून बाहेर गेली. पुढच्या महिन्यात त्याला पंचपदावरून काढण्यात आले, ते त्याने मान खाली घालून मान्य केले.

चर्च सुटल्यावर तो घरी गेला नाही. मला काखेत घेऊन तो बंदराकडे निघाला. याकोमिना या वेळी त्याच्या शेजारून चालत होती. तोनाने दार उघडले. तिचे केस चार वर्षांत पांढरे झाले होते.

"चर्चमध्ये काय बोललास ते उठून आलेल्यांकडून कळलं," ती म्हणाली. "माझ्याआधी साऱ्या गावाला सांगितलंस."

"हो. चुकलं ते पण. आधी इथे यायला हवं होतं."

तिने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तू ये आत. ते पुस्तक बाहेर ठेव."

डिंगेमानने मला दाराबाहेरच्या बाकावर ठेवले, माशांच्या रिकाम्या टोपल्यांशेजारी. दार बंद झाले. मी वाऱ्यात पडून राहिलो. आत काय बोलणे झाले, मी ऐकले नाही. एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एकदा कोणीतरी रडले. पुरुष की बाई, ते ओळखू आले नाही. मित्रांनो, शंभर वर्षे माझ्यातून माणसांना वाचून दाखवले गेले. त्या दुपारी माझ्याशिवाय जे झाले, ते माझ्यातल्या पुष्कळ वाचनापेक्षा खरे होते, असे मला वाटते.

तोनाने त्याला क्षमा केली का? याकोमिनाने एकदा बापाला विचारले होते. तो म्हणाला, "तिने मला कॉफी दिली. क्षमेचं मी विचारलं नाही." पुढे रस्त्यात भेटली तर ती मान हलवी, इतकेच. मारीन मात्र अधूनमधून ईल मासे आणून देई आणि दारातूनच हाक मारी, "अहो माजी पंच, रविवारचे मासे आहेत, चालतील ना?" डिंगेमान ते घेई, आणि खाई.

तो आणखी अकरा वर्षे जगला. जेवणानंतरचे वाचन त्याने पुन्हा सुरू केले, आधीसारखेच क्रमाने. रागाचे पान आले तर तेही वाची. फक्त वाचून झाल्यावर लगेच मिटत नसे. याकोमिनाला काही विचारायचे असेल, म्हणून थोडा थांबे. ती विचारी. तो पुष्कळदा "ठाऊक नाही" म्हणे. रागाचा देव आणि मायेचा देव यांची गाठ त्याला कधी सोडवता आली नाही. जाताना त्याने तिला एवढेच सांगितले, की ज्याला काळीजच नाही, त्याला असा राग येणार नाही आणि असे रडूही येणार नाही. यापुढचे आपल्याला दिसत नाही, असे म्हणाला.

याकोमिना गेल्यानंतर मला गावाच्या सभागृहात काचेच्या पेटीत ठेवले गेले. पेटीखाली चिठ्ठी आहे, 'महापुरातून वाचलेले बायबल'. शाळेची मुले येतात. त्यांना घेऊन येणारी एक भली बाई दर वेळी सांगते, की घर गेले, गुरे गेली, माणसे गेली, पण देवाने आपला ग्रंथ राखला. मुले तोंडाचा आ करून माझ्याकडे पाहतात.

मित्रांनो, तसे झाले नाही. मला देवाने राखले नाही. मला एका घाबरलेल्या माणसाच्या हाताने राखले, आणि तो हात दुसरीकडे हवा होता. माझ्यातल्या देवाला विचारले असते, तर तो काय म्हणाला असता? माझ्या पोटात त्याचे कितीतरी शब्द आहेत. ते सगळे धरूनही मला वाटते, की तो नेल्त्येच्याच आवाजात ओरडला असता.

इतर म्हाताऱ्या वस्तू तुम्हाला विनवतात, की मला जपा, पुसा, कसर लागू देऊ नका. मी तसे मागत नाही. मला वाचा. पुरते वाचा, वाक्य अर्ध्यावर तोडू नका, आणि माझे एखादे पान उचलून कोणाच्या दुःखावर फेकू नका. आणि कधी पाणी चढले, समोर कोणी बुडत असले, आणि मी तुमच्या काखेत असलो, तर क्षणभरही विचार करू नका. मला टाका.